हात धरा तिचे

"हात धरा तिचे. फोटो हलतोय."

आसं म्हणला तो फोटोवाला. माझ्याकडं बघून नाय, कॅमेऱ्यात बघूनच म्हणला. आन् मी धरले. पोटच्या पोरीची दोन्ही मनगटं धरली, तिच्या मांडीवर दाबून ठेवली, आन् हसले. दात काढले. तो फोटो लई भारी आला.

जुन्नरला बहिऱ्या पोरांची शाळा हाये, तिथल्या हॉलात ह्ये झालं. माझी ईशू तिथं तिसरीत हाये, वसतिगृहात राहती, शनिवारी घरी येती. जन्मापासनं बहिरी. कानाला मशीन लावून बघितलं, पण तिला त्यातनं नुसती घरघर कळायची. तिनंच ते काढून डब्यात ठेवलं. तर पुण्याची एक कंपनी शाळेला व्हीआरचे चष्मे देणार व्हती. चष्मा कसला, डोळ्यावर बांधायचा डबाच तो. आत पडदा असतो. घातला की बाहेरचं काय बी दिसत नाय, आन् आतलं सगळं खरं वाटतं. मान वळवली की तिकडचं दिसतं. पोरं त्यातनं शिकणार, आसं हेडसर फोनवर म्हणले. "ईश्वरी हुशार आहे, डेमो तिच्यावरच घेऊ. तुम्ही या. पालक म्हणून या."

पालक म्हणून या म्हणले, म्हणून मी ठेवणीतली साडी नेसले. कळंबला हायवेच्या कडंला माझी चहाची टपरी हाये, ती बंद ठेवली. नारायणगावला गाडी बदलून जुन्नर गाठलं. हेडसर दारातच उभे. "बरं झालं मावशी, आलात. पाहुणे आलेत आणि शिपाई आज रजेवर. तुमचं चहाचंच आहे ना? जरा बघा तेवढं."

बघितलं. ठेवणीतल्या साडीचा पदर खोचला आन् बघितलं. चहा उकळला, ट्रे फिरवला. कंपनीच्या मॅडमनी कप उचलताना विचारलं, "तुम्ही इथेच कामाला?"

"नाय, मी ईश्वरीची आई."

"अच्छा, अच्छा," म्हणल्या आन् परत फोनमधी डोकं घातलं. मी रिकामा ट्रे घेऊन मागं सरले.

आता मी कोण ते सांगते, म्हंजी तुमाला कळंल की मी त्या दिवशी काय झाले ते. कळंबला कुणाला बी विचारा. चहावाली म्हणलं की लोक पयलं माझं तोंड सांगत्याल. ट्रकवाल्यानी टपरीपुढं गाडी आडवी लावली तर "ए भाऊ, गाडी काढतो का उकळतं आधण वतू काचंवर?" म्हणणारी मी. माझी हाक मंचरपातूर जाती आसं गिऱ्हाईक चेष्टेनी म्हणतं. नवरा मंचरच्या बाजारात बटाट्याच्या गोणी उचलतो, तो म्हणतो, घरी आल्यावर जास्त वजन असतं. आसली मी.

ईशूनी माझं नाव त्यावरनंच ठेवलं. ह्या पोरांची एक रीत हाये. माणसाचं कागदावरचं नाव त्यांना काय कामाचं? ती माणसाकडं बघत्यात, त्याचं काहीतरी पकडत्यात आन् त्याची खूण करत्यात. तीच खूण त्या माणसाचं नाव. हेडसर म्हंजी पोटावरनं गोल फिरवलेला हात. तांबोळी मॅडम, ईशूच्या वर्गाच्या बाई, जुन्नरच्याच, त्यांच्या हनुवटीवर तीळ हाये, तर हनुवटीला टेकवलेलं एक बोट. नवरा म्हंजी मिशीला पीळ. आन् मी म्हंजी तोंडापुढं धरलेला हात, चोचीवानी बोटं उघडमिट, उघडमिट. बडबडी. पयल्यांदा तिनं ते केलं तवा मी हसून हसून खाली बसले. नवऱ्याला म्हणलं, बघा, पोरीला ऐकू येत नाय पण आईचा आवाज बरोबर कळला.

आनखी एक सांगायचं हाये. आमचं घर हायवेच्या पलीकडं, टपरी अलीकडं. गाड्या म्हंजी नुसती रांग. हॉर्नचा तिला उपयोग नाय. म्हणून आमी दोघींनी ठरवलं व्हतं. ती पलीकडच्या कडंला येऊन उभी राहायची आन् माझ्या हाताकडं बघायची. मी तळहात उभा धरला की थांब. हातानी बोलावलं की ये. दोन्हीकडच्या गाड्या मी बघायचे, ती फक्त माझा हात बघायची. एक पाऊल चुकलं नाय तिचं कधी.

तर त्या दिवशी हॉलात त्यांनी जो धडा लावला, तो रस्ता कसा वलांडायचा ह्याचाच.

तांबोळी मॅडमनी आधीच बघून ठेवला व्हता. चष्मे घेऊन आलेल्या कंपनीच्या पोराला म्हणल्या, "यात सगळ्या सूचना आवाजात आहेत. खुणा करून सांगणारं कुणीच नाही आत."

"ते पुढच्या टप्प्यात येईल मॅडम."

"मग मी तिच्याजवळ उभी राहते. चष्मा घातल्यावर तिला माझे हात दिसणार नाहीत. खांद्यावर थोपटून सांगावं लागेल. आणि आधी पाच मिनिटं द्या, आत काय दिसणार ते मला तिला सांगू द्या."

"पाहुण्यांना पुढे जायचंय," हेडसर म्हणले. आन् फोटोवाला म्हणला, "मॅडम, तुम्ही फ्रेममध्ये येताय. आईला बसवा शेजारी. आई चांगली दिसेल."

मॅडम भिंतीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. मी बसले. आई चांगली दिसंल म्हणल्यावर केस सारखे केले, ह्ये बी सांगते. ईशू माझ्याकडं बघून हसली, बोटानी डब्याकडं दावलं, ह्ये काय म्हणून विचारलं. मी म्हणलं, मज्जा. एवढंच. आत काय दिसंल ते मला तरी कुठं ठाऊक व्हतं? पण मी विचारलं पण नाय.

तिच्या डोळ्यावर चष्मा बांधला. ती आत जे बघती ते पाव्हण्यांना दिसावं म्हणून टीव्ही लावला व्हता. टीव्हीवर मोठा रस्ता आला. गाड्या आल्या. एका बाईचा गोड आवाज आला, "मुलांनो, घाई करू नका. थांबा. कान देऊन ऐका. हॉर्न ऐकू येतोय का?"

पाव्हणे माना डोलवत व्हते. कान देऊन ऐका, म्हणं! बहिऱ्या पोरांच्या शाळेत. आख्ख्या हॉलात एकाला बी काय खटकलं नाय. तांबोळी मॅडम तेवढ्या खाली फरशीकडं बघत व्हत्या.

ईशूची मान हिकडनं तिकडं व्हायला लागली. सगळ्यांना वाटलं, पोरगी गाड्या बघती, शिकती. मला माहीत व्हतं ती काय शोधती. ती रस्त्याच्या पलीकडं टपरी शोधत व्हती. माझा हात शोधत व्हती. तिथं कुठला माझा हात असायला? आन् टीव्हीवर ट्रक आला, सरळ अंगावर आला.

ती वरडली.

तिचा आवाज तिनं कधी ऐकलेला नाय. म्हणून तो आपल्या आवाजासारखा घडवलेला नाय. जाड हाये, फाटका हाये, पोटातनं येतो. कंपनीच्या मॅडमनी दोन्ही कानात बोटं घातली. "अगं बाई, हा कसला आवाज!" आन् मागच्या खुर्च्यांवरनं कुणीतरी म्हणलं, "गोठा झाला राव हॉलचा." दोघंतिघं फिस्सकन हसली.

हेडसर माझ्या कानाशी, "मावशी, आवरा तिला. पाहुण्यांसमोर शोभा नको."

ईशूनी चष्मा काढायला हात वर नेले, पण मागं पट्टा घट्ट बांधला व्हता. निघंना. मंग तिनं हात तोंडापुढं आणला. बोटं उघडमिट, उघडमिट. मला हाक मारत व्हती ती. कान नायत, डोळे झाकलेले, आन् आंधारात हात वर करून आईला हाक मारत व्हती.

तवाच तो म्हणला, हात धरा तिचे, फोटो हलतोय.

मी धरले. आन् खोटं कशाला बोलू, मला कळलं व्हतं. माझ्या मुठीत तिची बोटं हलत व्हती. उघडमिट. आई. आई. ते माझ्या तळहाताला लागत व्हतं. आन् मी आनखी घट्ट धरलं आन् कॅमेऱ्याकडं बघितलं.

का धरले? कुणी माझ्या गळ्यावर सुरी ठेवली नव्हती. मला लाज वाटली. गोठा म्हणणाऱ्याची वाटायला पायजे व्हती, हसणाऱ्यांची वाटायला पायजे व्हती. मला पोरीच्या आवाजाची वाटली. जिची हाक मंचरपातूर जाती तिला स्वतःच्या लेकराच्या आवाजाची लाज वाटली. ट्रकवाल्यापुढं वाघ, आन् इस्त्रीच्या कपड्यापुढं शेळी. थू माझ्या तोंडावर.

चष्मा काढला तवा तिच्या गालाला पट्ट्याचे वळ व्हते, सगळं तोंड ओलं. कंपनीच्या मॅडमनी चॉकलेट दिलं, "ब्रेव्ह गर्ल" म्हणल्या. ईशूनी ते घेतलं नाय. ती माझ्याकडं बघत व्हती. माझ्या हातांकडं, मंग तोंडाकडं. मी खूण केली, झालं, झालं. तर तिनं डोळे मिटून घेतले.

तुमाला आमाला वाटंल, त्यात काय, पोरगी दमली आसंल. नाय वो. बहिऱ्या पोरानी डोळे मिटले म्हंजी त्यानी दार लावलं. आपण बाहेर उभं राहून किती बी हात हलवा, आत काय जात नाय.

त्या फोटोचा फ्लेक्स केला कंपनीनी. शाळेच्या फाटकावर लावला, ह्या खांबापासनं त्या खांबापातूर. एका बाजूला मोठ्या साहेबांचं तोंड, दुसऱ्या बाजूला आमी मायलेकी. वर लिवलेलं, "स्पर्श मायेचा, प्रवास ज्ञानाचा." मायेचा स्पर्श म्हंजी माझे पंजे. तिची मनगटं दाबून धरलेले. फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला. टपरीवर गिऱ्हाईक म्हणायचं, "वैनी, लई भारी आलाय फोटो. डोळ्यात पाणी आलं राव." मी त्यांना चहा द्यायचे आन् भांडी घासायला वळायचे.

पयल्या शनिवारी आणायला गेले तर ईशू गाडीत खिडकीकडं तोंड करून बसली. मी खांद्याला हात लावला, ती वळली, मी बोलायला हात उचलले, तिनं डोळे मिटले. घरी जेवताना तसंच. तिच्या आवडीचं पिठलं केलं, विचारलं कसं झालंय, डोळे मिटले. बापाशी बोलायची. त्याच्या मिशीची खूण करून त्याला दिवसभराचं सगळं सांगायची. माझ्याकडं वळली की दार बंद.

रविवारी सकाळी मी टपरीवर. ती घरातनं निघाली, पलीकडच्या कडंला आली. मी नेमानी हात उभा धरला. थांब. मंचरकडनं दुधाचा टेम्पो येत व्हता. तिनं माझ्याकडं बघितलं. बघितलं, ह्ये मी डोळ्यांनी पाह्यलं. आन् मान फिरवली. आन् खाली उतरली.

टेम्पोचं टायर किंचाळलं. कॅन एकमेकांवर आपटले. तो तिच्यापासनं हातभर लांब थांबला. ड्रायव्हर खिडकीतनं बाहेर आला, "मेली आस्ती की! पोरगी बहिरी हाये का?"

"हाये," मी म्हणलं. "बहिरी हाये."

एरवी मी त्याला हायवेवर आडवा केला असता. त्या दिवशी त्याला जा म्हणून हात केला. तो कुठं चुकला व्हता? तिचं बी चुकलं नव्हतं. ज्या हातानी तिला आंधारात दाबून धरलं, त्या हातावर इसंबून ती रस्ता का म्हणून वलांडंल? ती टपरीवर येऊन बाकड्यावर बसली, आन् बिस्किटाच्या बरणीकडं बघत बसली.

पुढच्या शनिवारी तिनं ठेवलेलं नवं नाव कळलं. नाव माझंच. मी शाळेच्या फाटकातनं आत शिरले, तिची एक मैत्रीण अंगणात व्हती. तिनं मला बघितलं, पाय आपटून ईशूला वळवलं आन् तिला सांगितलं, आली. कोण आली? तर त्या पोरीनी स्वतःच्या एका हातानी दुसऱ्या हाताचं मनगट गच्च धरलं. ईशूनी मान हालवली आन् तीच खूण परत केली. मनगट गच्च.

मी तांबोळी मॅडमकडं गेले. मनगट धरून दावलं. "मॅडम, ह्ये कोण?"

"तुम्ही," म्हणल्या.

चोच गेली. बडबडी गेली. सगळ्या वसतिगृहात आता मी मनगट धरणारी. वरणभात वाढणाऱ्या बाईला पण तेच नाव माहीत व्हतं.

मॅडमनी मला वर्गाच्या दारात नेलं. म्हणल्या, "हेही बघून घ्या." आत तेच चष्मे व्हते, पण ते वापरायची तऱ्हा त्यांची व्हती. आधी सगळ्या पोरांना समोर बसवून हातांनी सांगायच्या, आत काय दिसणार. आज हृदय. आज समुद्राचा तळ. पट्टा ढिला ठेवायचा, पोराला एका हातानी काढता आला पायजे. मॅडमचा तळहात सगळा वेळ त्याच्या खांद्यावर. एकदा दाबलं म्हंजी मी हाये. दोनदा थोपटलं म्हंजी चष्मा वर कर, माझ्याकडं बघ. पोरगं चष्मा वर करायचं, मॅडमचे हात बघायचं, परत आत जायचं. आन् बाहेर आल्यावर काय सांगू! ते हात थांबायचे नायत. एवढा मासा, आसा वळला, माझ्या पोटाखालनं गेला. बाकीची पोरं बघून वेडी व्हायची. पुस्तकातलं हृदय ज्यांना चार दिवस कळलं नव्हतं, ती छातीवर हात ठेवून रक्त कुठनं कुठं जातं ते दावत व्हती.

ईशू मागच्या भिंतीला पाठ लावून बसलेली. तिची पाळी आली की तिथनंच मान हालवायची. नाय.

"एकदाही घातला नाही तिने," मॅडम म्हणल्या. "सगळ्यात हुशार पोरगी आहे ही वर्गात."

म्हंजी मी नुसतं तिचं बोलणं दाबलं नव्हतं. तिच्या शिकण्याला बी कडी घातली व्हती. मशीनला शिव्या घालून मोकळं व्हायची माझी सोय व्हती, ती बी मॅडमनी काढून घेतली. मशीन वाईट नव्हतं. मशीननी तिचे हात धरले नव्हते.

थोड्या दिवसांनी हेडसरांचा फोन आला. जुन्नरला मोठा कार्यक्रम व्हता, कंपनीचे सगळ्यात मोठे साहेब येणार, ते फ्लेक्सवरचे. "फोटो सगळ्यांना फार आवडलाय, मावशी. तसंच परत करायचं, स्टेजवर. आणि माइकवर दोनच शब्द बोला. या यंत्राने माझ्या मुलीचं आयुष्य बदललं. बस."

मी नाय म्हणले का? नाय. "हो सर," म्हणले. तोंडातनं आपोआप गेलं. फोन ठेवल्यावर स्वतःलाच म्हणलं, भवाने, अजून तुझं पोट भरलं नाय का?

तरी गेले. आन् ह्या खेपेला काय करायचं ते माझं ठरलेलं नव्हतं, ह्ये बी खरं. मोठेपणा नको घ्यायला. हॉल भरलेला. बहिरी पोरं पुढच्या रांगांत गणवेश घालून बसवलेली. भाषणं झाली. एकामागं एक, लांबलचक. पोरांना काय कळत व्हतं? कुणी खुणा करून सांगत नव्हतं. तांबोळी मॅडमना पाव्हण्यांच्या हारांच्या ताटाशी उभं केलं व्हतं. बहिऱ्या पोरांचा कार्यक्रम, आन् बहिऱ्या पोरांना सोडून सगळ्यांना कळत व्हता.

मंग आमाला वर बोलावलं. ईशूला खुर्चीत बसवलं, मला शेजारी. कंपनीच्या मॅडमनी चष्मा हातात घेतला. तोच फोटोवाला खाली गुडघ्यावर बसला. "मावशी, त्या दिवशीसारखेच हात."

मी ईशूकडं बघितलं.

तिनं चष्म्याकडं बघितलं, फोटोवाल्याकडं बघितलं. आन् कुणी न सांगता दोन्ही मनगटं जोडून माझ्यापुढं केली. धर म्हणून. शाळेत हजेरीला हात वर करावा इतकं साधं केलं तिनं ते. रडली नाय, रुसली नाय. आसंच असतं, आई आली की हात द्यायचे, आसं तिला माझ्याकडनं पाठ झालं व्हतं.

मी हात मागं घेतले.

"मावशी, हात," फोटोवाला म्हणला.

"नाय धरणार."

"अहो, दोनच मिनिटं," कंपनीच्या मॅडम हसऱ्या तोंडानी म्हणल्या.

मी उठले. माइक तिथंच व्हता, मला दोन शब्द बोलायला ठेवलेला. पण मला माइक कशाला लागतो?

"ह्या पोरीचे कान चालत नाय," मी म्हणलं. "तिला डोळे हायेत आन् हात हायेत. तुमी डोळे झाकता आन् हात मला धरायला सांगता. मंग तिनं बोलायचं कशानी? तिथं फाटकावर लावलाय तो फोटो मायेचा नाय. ती मला हाक मारत व्हती आन् मी तिचं तोंड दाबलं, त्याचा फोटो हाये तो."

हेडसर धावत आले. "मावशी, माइक द्या. बसा खाली." माइक माझ्या हातात नव्हताच. मी बोलत राहिले. आन् मला दिसलं, तांबोळी मॅडमनी हारांचं ताट खाली ठेवलं, त्या स्टेजच्या कडंला आल्या आन् मी बोलते ते हातांनी सांगायला लागल्या. पुढच्या रांगा हलल्या. सकाळपासनं फरशी मोजत बसलेल्या पोरांनी माना वर केल्या. त्या कार्यक्रमातलं तेवढंच त्यांना कळलं.

मंग मी ईशूपुढं गुडघ्यावर बसले. तिनं डोळे मिटले नव्हते. मी चष्मा दावला आन् विचारलं, घालायचा? तू सांग. तुझं तू सांग.

साहेबांनी घड्याळात बघितलं. मी कधी तिला कायबी विचारून अशी गप बसले नव्हते. विचारायचं आन् आपणच उत्तर द्यायचं, ही माझी सवय. ह्या वेळेला थांबले. पोरीनी चष्म्याकडं बघितलं, खाली मॅडमकडं बघितलं, लई वेळ लावला. आन् सांगितलं, इथं नको.

"इथं नको म्हणती," मी उभी राहून सांगितलं. "झालं. आमी जातो."

पायऱ्या उतरताना कंपनीच्या मॅडम हेडसरांना म्हणल्या, मला ऐकू जाईल अशाच आवाजात म्हणल्या, "अशा पालकांमुळेच ही मुलं मागे राहतात."

तोंडात शिवी आली व्हती. गिळली. त्यांना भिऊन नाय. त्या वाक्यातलं अर्धं खरं व्हतं म्हणून. ते अजून रुततं. तिला मागं खेचणारे हात माझेच व्हते, फक्त कुणाच्या सांगण्यावरनं खेचलं ते त्या बोलल्या नाय.

हेडसर महिनाभर माझ्याशी धड बोलले नाय. फ्लेक्स काढा म्हणलं तर "कंपनीला विचारावं लागेल" म्हणले. मी कुणाला विचारलं नाय. शनिवारी तिला आणायला जाताना कांदा कापायची सुरी नेली, दोऱ्या कापल्या, गुंडाळी करून एसटीत टाकला. तो आता माझ्या टपरीचं छप्पर हाये. फोटो आतल्या बाजूनी लावलाय. चहा गाळताना मान वर केली की माझेच पंजे दिसत्यात. गिऱ्हाईक विचारतं, वैनी, फोटो उलटा लावला का? मी म्हणते, सुलटाच हाये, मला दिसायला पायजे.

ईशू आता चष्मा घालती. वर्गात, तांबोळी मॅडमचा हात खांद्यावर असताना. समुद्राच्या तळाला जाऊन आली, बापाला तासभर सांगत व्हती. पण मी वर्गाच्या दारात आले की ती चष्मा काढून ठेवती आन् मला बाहेर जा म्हणती. मी जाते. फाटकापाशी थांबते. हायवे वलांडताना आता मी लांबनं हात करत नाय, पलीकडं जाऊन तिच्या शेजारी उभी राहते. ती दोन्हीकडं स्वतः बघती. माझा हात मोकळा असतो, तिच्या बाजूला. अजून तिनं धरलेला नाय.

नाव बी तेच हाये. मनगट गच्च. मॅडम म्हणल्या, "सांगू का तिला, बदल म्हणून?" मी म्हणलं, नको. तिनं बघून ठेवलंय. वाटंल तवा बदलंल, नाय वाटलं तर नाय. मेल्यावर बी मला त्याच नावानी आठवली तर तक्रार नाय माझी.

पण आता कुणी बी येऊ दे. कंपनी येऊ दे, साहेब येऊ दे, मोठा हार घेऊन मंत्री येऊ दे. आन् माझ्या पोरीपुढं उभं राहून परत म्हणू दे, हात धरा.

धरीन. म्हणणाऱ्याचे धरीन.